फुकटचा गुण

पेर्सिदा पहिल्यांदा नापास झाली ती एका गुणाने. दुसऱ्यांदा झाली तीही एकाच गुणाने, आणि दोन्ही वेळा त्याच प्रश्नापायी. तीस प्रश्नांपैकी चोवीस बरोबर आले की विमा प्रतिनिधीचा परवाना मिळतो. पेर्सिदाचे दोन्ही खेपेला तेवीस आले. स्लातिना गावात यावर दोन मतं होती. एक असं, की राजधानीतले लोक आमच्यासारख्या अल्पसंख्य व्लाख माणसाचा एक गुण मुद्दाम खातात. दुसरं असं, की चोपन्नाव्या वर्षी बाईमाणसाला परीक्षेची हौस कशाला हवी. गावाला मत असायला माहिती लागत नाही. खरं कारण पेर्सिदालाच ठाऊक होतं आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

मुळात ही परीक्षा तिच्या डोक्यात घातली मिओद्रागने. मिओद्रागचं जवळच्या नेगोतिन शहरात बसस्टँडसमोर विम्याचं छोटं ऑफिस होतं. गाड्यांचा विमा तो झोपेतही विकू शकला असता, कारण तो कायद्याने काढावाच लागतो. आयुष्याचा विमा मात्र त्याने अकरा वर्षांत चार जणांना विकला होता आणि त्यातला एक त्याचा मेव्हणा होता. पेर्सिदाचा मोज्यांचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती. त्यानंतर ती आसपासच्या सात गावांत पोमानाचा स्वयंपाक करून पोट भरत होती. पोमाना म्हणजे मेलेल्या माणसासाठी मांडलेलं पान. चाळिसाव्या दिवशी मांडायचं, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि मग सात वर्षं पुरी होईपर्यंत. सात गावांत कुणाच्या छातीत दुखतं, कुणाचा मुलगा परदेशातून पैसे पाठवतो आणि कुणाचा नुसत्या शुभेच्छा पाठवतो, हे पेर्सिदाला चुलीजवळ बसल्या बसल्या कळायचं. मिओद्राग म्हणाला, "पेर्सिदाताई, तुम्ही अर्ध्या प्रतिनिधी आहातच. उरलेलं अर्धं कागदावर आणा, टेबल-खुर्ची मी देतो."

तिकडे व्हिएन्नात तिच्या मुलीने, सुझानाने, वेगळाच बेत केला होता. नातवाला सांभाळायला माणूस हवं होतं, आई गावात एकटी होती, आणि घरात सोफा रिकामा होता. सुझाना गणिताची पक्की. तिने या तिन्हींची बेरीज केली. पेर्सिदाने दोन वर्षं टाळाटाळ केली, आणि शेवटी मायलेकींचा फोनवर करार झाला: परीक्षा तीनदा द्यायची. पास झाली तर आई गावात राहील. तिसऱ्यांदाही नापास झाली तर घराला कुलूप लावून पहिल्या बसने व्हिएन्ना. पेर्सिदाला मुलगी नकोशी होती असं नाही, आणि नातू तर जीव की प्राण. पण स्लातिनाच्या टेकडीवर ग्लिगोर होता, आणि त्याला सोफ्यावर नेता येत नव्हतं.

ग्लिगोर तिचा नवरा. व्हिएन्नातच परांचीवरून पडून गेला, त्याला आता आठ वर्षं झाली. तो कागदाशिवाय कामाला होता, त्यामुळे विमा नव्हता, भरपाई नव्हती, आणि ज्याने कामावर ठेवलं त्याला ग्लिगोर नावाचा कुणी माणूस आठवतही नव्हता. पेर्सिदाने आरडाओरडा केला नाही. तिने पान मांडलं. सात वर्षांत एक दिवस चुकवला नाही. भाकरी, उकडलेले गहू, भाजलेला मासा, भोपळी मिरच्या, आलुबुखाराची दारू, आणि त्याच्या आवडीची कडू कॉफी. ग्लिगोर साखरेला शिवायचा नाही आणि पेर्सिदाला तीन चमचे लागायचे. आमच्याकडे साखर पाण्यातच उकळतात, म्हणून त्यांच्या घरात कॉफीची दोन भांडी होती. लग्नापासून दोन.

पानावर मेलेल्याच्या नावाने कुणीतरी जिवंत माणूस जेवायला बसावं लागतं, आणि त्याला मेलेल्याच्या नावाने नवे कपडे द्यावे लागतात. ग्लिगोरच्या जागी शेजारचा म्हातारा त्रायलो बसायचा, कारण दोघांच्या बुटाचा नंबर एकच, त्रेचाळीस. उदबत्तीसारखा धूप फिरवायचा, मेणबत्ती लावायची, आणि मोठ्याने म्हणायचं: हे ग्लिगोरला पोचो. एवढं म्हटलं की पोचतं. यात चर्चा करण्यासारखं काही नसतं. सुझानाने एकदा फोनवर म्हटलं होतं, "आई, मेलेलं माणूस जेवत नाही." त्यावर पेर्सिदा म्हणाली होती, "तू जिवंत असून कुठे नीट जेवतेस?" आणि विषय बदलला होता.

आता तो प्रश्न. पहिल्या खेपेला तो सतरावा होता, दुसऱ्या खेपेला नववा. जागा बदलायची, शब्द तेच. विमाधारकाच्या मृत्यूनंतर विम्याची रक्कम कोणाला मिळते? (अ) विमाधारकाला. (ब) करारात नाव दिलेल्या लाभार्थ्याला. (क) विमा प्रतिनिधीला. (ड) कोणालाही नाही.

पहिल्या खेपेला पेर्सिदाने (अ)वर खूण केली आणि क्षणभरही न थांबता पुढच्या प्रश्नावर गेली. मेला कोण? विमाधारक. मग त्याच्या मरणाचं जे काही असेल ते त्यालाच मिळणार, शेजाऱ्याला कशाला मिळेल?

निकालासोबत उत्तरपत्रिकेची प्रत आली. मिओद्रागने ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग तो म्हणाला, "ताई, हा फुकटचा गुण आहे. लोकांची भीती मोडावी म्हणून घालतात हा प्रश्न. मेलेला माणूस पैसे घ्यायला खिडकीपाशी येणार आहे का?" पेर्सिदा म्हणाली, चुकून झालं. मिओद्रागने तिच्याकडून (ब) वीस वेळा म्हणवून घेतलं. पाढ्यासारखं पाठ झालं.

आणि दुसऱ्या खेपेला, उत्तर पाठ असताना, पेन हातात असताना, तिने परत (अ)वर खूण केली. चुकून नव्हे. (ब)च्या चौकटीवर पेन नेलं तेव्हा तिला एकदम दिसलं की ही काही साधी खूण नाही. खाली स्वतःची सही आहे, वर सरकारी शिक्का आहे, आणि मध्ये पेर्सिदा लिहून देते आहे की मेलेल्याला काही मिळत नाही. मग सात वर्षं तिने कुणाला वाढलं? त्रायलोला? तो मासा, त्या मिरच्या, तो निळा शर्ट, ते सगळं त्रायलोच्या पोटात आणि त्रायलोच्या अंगावर? परीक्षेची वेळ संपत आली होती. तिने (अ)वर खूण केली, आणि बाहेर येऊन बसस्टँडवर एक पाव खाल्ला. मिओद्रागला सांगितलं, विसरले. तो बिचारा आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी या विषयावर बोलत होता.

पेचात असा अडकला होता तिचा जीव. ग्लिगोरजवळ राहायचं तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर ग्लिगोरला काही पोचलं नाही असं लिहून द्यायला हवं.

तिसरी परीक्षा एका मंगळवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी त्रायलोने स्वतःचं पोमाना घातलं.

जिवंतपणी घातलं. तशी पद्धत आहे. ज्याला मागच्यांचा भरवसा नाही तो आपलं पान आपणच मांडून, आपणच जेवून मोकळा होतो. त्रायलो एक्क्याऐंशीचा, बायको केव्हाच गेलेली, मुलगा परदेशात, लिन्झला. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या आईच्या वर्षपानाला त्याने हॉटेलातून जेवण मागवलं होतं आणि त्रायलो ते विसरला नव्हता. "बटाट्याच्या काड्या," तो सांगायचा. "माझी बायको तिकडे वर्षभर बटाट्याच्या काड्या खातेय."

स्वयंपाक अर्थात पेर्सिदाकडे होता. साठ माणसं आली. त्रायलो नव्या कोटात टेबलाच्या टोकाला बसला, हातात पेटती मेणबत्ती, चेहरा लग्नातल्या सासऱ्यासारखा. मुलाने लिन्झहून पैसे पाठवले होते आणि एक मोठा पुष्पगुच्छ. त्रायलोने गुच्छ बकरीला घातला. स्वतःला पोचवायच्या वस्तू त्याने यादी करून मांडल्या होत्या: खुर्ची, छत्री, दोन जोड बूट, रेडिओ, आणि विजेवर गरम होणारी गोधडी. गोधडीवरून थोडा वाद झाला. तिकडे वीज आहे का, असा प्रश्न कुणीतरी काढला. त्रायलो म्हणाला, इकडे तरी कुठे रोज असते, आणि धूप पुढे न्यायला सांगितला.

पाहुणे पांगल्यावर पेर्सिदा भांडी गोळा करत होती. त्रायलो अजून आपल्या जागेवर बसून मिरची संपवत होता. त्याने विचारलं, परीक्षा कधी? ती म्हणाली, मंगळवारी. मग काय झालं कोण जाणे, थकव्याने असेल, तिने परात खाली ठेवली आणि दीड वर्ष कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. प्रश्न, चारही पर्याय, पहिली खूण, दुसरी खूण. सगळं.

त्रायलोने मिरची पूर्ण चावली.

"पोरी, सात वर्षांत ग्लिगोरच्या पानात नोटा वाढल्यास कधी?"

"नाही."

"काय वाढलंस?"

"तुम्हीच तर जेवलात, आबा. मासा, मिरच्या, भाकरी. शर्ट."

"आणि ते आणायला पैसे कुणाच्या हातात होते?"

"माझ्या."

"मग झालं तर. मेल्याला पान मिळतं. पैसे मिळतात पान मांडणाऱ्याला. पैसे घेऊन मेला बाजारात जाणार आहे होय मासे आणायला? तुझी कंपनी काय म्हणते?"

"करारात ज्याचं नाव असेल त्याला."

"हां. कंपनीत कुणीतरी व्लाख असणार."

पेर्सिदा हसली नाही. ती परात उचलत म्हणाली, "आणि ज्याला पैसे मिळाले त्याने पान मांडलंच नाही तर?"

त्रायलोने समोरच्या टेबलाकडे पाहिलं. खुर्ची, छत्री, गोधडी.

"म्हणून तर मी आज जेवलो," तो म्हणाला.

मंगळवारी पहाटेच्या बसने ती राजधानीला निघाली. पाच तासांच्या प्रवासात तिने पुस्तक उघडलंच नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं तिने उलटसुलट तपासून पाहिलं. आत एक बाटली दारू रिचवलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, पण त्यात चूक सापडत नव्हती. तरीही डोक्याला पटलेलं हातापर्यंत पोचेलच असं नसतं, हे तिला दुसऱ्या खेपेपासून माहीत होतं.

या वेळी प्रश्न बाविसावा होता. शब्द तेच. पेर्सिदाने पेन (ब)च्या चौकटीवर नेलं. हात थांबला. (अ) तिथेच होता, शहाण्या मुलासारखा वर गप्प बसून. तिला ग्लिगोर दिसला, मेलेला नव्हे, साधाच. स्वयंपाकघराच्या दारात उभा, आपली कडू कॉफी हातात घेऊन तिच्या साखरेकडे नाक मुरडणारा. तिला फार वाईट वाटलं. इतकं, की आता उठून जावं आणि सरळ व्हिएन्नाची बस धरावी असं वाटलं. मग तिने घरच्या भाषेत, पण स्पष्ट, म्हटलं: "ग्लिगोर, हे यांच्यासाठी लिहितेय. तुझं तुला पोचो."

"काकू, बोलायचं नाही," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

"तुमच्याशी नाही बोलले," पेर्सिदा म्हणाली, आणि (ब)वर खूण केली.

चोवीस आले. बरोबर चोवीस, मिओद्रागला पंचविसाव्याची फार आशा होती, पण शॉर्ट सर्किटने लागलेल्या आगीवरचा प्रश्न तिने सोडूनच दिला होता. गावातल्या दोन्ही मतांना काही धक्का बसला नाही. पहिलं मत म्हणालं, शेवटी त्यांना लाज वाटली. दुसरं म्हणालं, आता चोपन्नाव्या वर्षी नोकरी कशाला. सुझानाने फोनवर अभिनंदन केलं, आणि मग जरा वेळाने, सोफा कुणालातरी देऊन टाकते, असं म्हणाली. तिचा आवाज थोडा बसलेला होता. पेर्सिदाच्या ते लक्षात आलं, पण करार म्हणजे करार.

परवाना आला त्या दिवशी ती टेकडीवर गेली आणि ग्लिगोरला बावीस नंबरच्या प्रश्नाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने काही हरकत घेतली नाही.

मिओद्रागचा नियम होता की नव्या प्रतिनिधीने पहिली पॉलिसी स्वतःची काढायची. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, म्हणायचा, की तुमची आहे का. पेर्सिदा आपल्या नव्या टेबलाशी आपल्या नव्या खुर्चीवर बसून फॉर्म भरायला लागली. नाव, जन्मतारीख, धूम्रपान नाही, परांचीवरचं काम नाही. लाभार्थ्याच्या रकान्याशी पेन थांबलं. मिओद्रागला वाटलं, झालं, ही आता स्वतःचंच नाव लिहिणार. त्याने श्वास रोखला. पेर्सिदाने लिहिलं, सुझाना, नातं मुलगी, आणि पत्ता. मग अगदी शेवटी 'इतर माहिती' म्हणून दोन रिकाम्या ओळी असतात, ज्या आजवर कुणीही भरल्या नव्हत्या, त्यात तिने लिहिलं: कॉफी बिनसाखरेची.

"ताई, हे काय?"

"इतर माहिती."

"कंपनीला याचं काय करायचंय?"

"कंपनीला काहीच नाही करायचं. ज्याचं नाव आहे त्याला करायचंय."

मिओद्रागने तिला पास करायला दीड वर्ष घालवलं होतं. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. फॉर्म गेला. आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं की अर्जदाराने साखर वर्ज्य असल्याचं कळवलं आहे, तरी मधुमेहाची तपासणी करून अहवाल जोडावा. पेर्सिदा उपाशीपोटी नेगोतिनच्या दवाखान्यात गेली, रक्त देऊन आली. साखर एकदम ठीक निघाली. अहवाल जोडला. पॉलिसी आली, आणि तिच्या दुसऱ्या पानावर, शिक्क्याच्या वर, कुणीतरी इमानेइतबारे टाइप केलं होतं: इतर माहिती, कॉफी बिनसाखरेची.

तिची प्रत पेर्सिदाने शुक्रवारच्या व्हिएन्नाला जाणाऱ्या गाडीतून पाठवली, मिरच्यांच्या बरणीसोबत. रविवारी सुझानाचा फोन आला. मिरच्या पोचल्या, नातवाला सर्दी आहे, सोफा अजून घरातच आहे, असं सगळं झालं.

"पॉलिसी वाचलीस?" पेर्सिदाने विचारलं.

"वाचली." सुझानाने पान उलटलं. "आई, तू तर तीन चमचे घालायचीस."

"घालायचे."

"मग बिनसाखरेची कधीपासून?"

"तुझे बाबा गेल्यापासून. एका भांड्यात दोघांची होते."

सुझाना पुन्हा बोलली. तिचा आवाज लहानपणी दुखलं-खुपलं की व्हायचा तसा झाला होता.

"आणि मासा? भाजलेला की तळलेला? थांब, पेन घेते."

पेर्सिदा थांबली.